रस्त्यावरच्या महोत्सवात जुन्या गाड्या बघायला जाताय? बेळगाव परिसरातल्या नवख्यांसाठी

रस्ता वाहनांना बंद, कडेला खाण्याचे स्टॉल, एका टोकाला ऑर्केस्ट्रा आणि मधल्या पट्ट्यात ओळीने उभ्या केलेल्या जुन्या मोटारी. अशा ठिकाणी बहुतेक लोक काय करतात, तर सगळ्यात लाल आणि सगळ्यात चकचकीत गाडीपुढे सेल्फी काढतात, बाकीच्या ओळीवरून नजर फिरवतात आणि भज्यांकडे वळतात. जायला हरकत नाही, भजी चांगली असतात. पण त्या ओळीत काय उभं होतं हे कळलं तर तीच सकाळ फार वेगळी जाते. त्यासाठी मेकॅनिक असायची गरज नाही. काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं आणि कुणाला काय विचारायचं, एवढं माहीत असलं की पुरे.

माझं एक मत आधीच सांगून टाकतो. सगळ्या गाड्या बघू नका. चार-पाच निवडा आणि त्या नीट बघा.

१. वेळ साधा

पत्रकावर दहाची वेळ असली तरी गाड्या त्याआधी तास-दीड तास येऊ लागतात. तेव्हाच जा. उभी गाडी बघणं आणि चालती गाडी बघणं यात फार फरक आहे. चोक ओढून सुरू केलेलं गार इंजिन, कार्बोरेटरची कुरकुर, गिअर पडताना चालकाच्या खांद्याची हालचाल, हे सगळं आत येताना आणि बाहेर जातानाच दिसतं. मधल्या वेळात मालक छत्रीखाली बसलेले असतात आणि गाड्यांभोवती गर्दी.

आपल्याकडे हे कार्यक्रम हिवाळ्यातच बरे. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस असा की शहाणा मालक गाडीवरचं कव्हरही काढत नाही. स्वतःची गाडी बंद रस्त्याच्या जवळपास नेऊ नका. खडेबाजार किंवा कॅम्पच्या बाजूला कार्यक्रम असेल तर आजूबाजूच्या गल्ल्या सकाळीच भरतात. लांब लावा आणि चालत या.

आणखी एक दिवस ध्यानात ठेवा, तो कुठल्याच पत्रकात नसतो. खंडेनवमीला शेडमधल्या, वर्षभर झाकून ठेवलेल्या गाड्याही धुऊन, हार घालून पूजेसाठी बाहेर येतात. गल्लीबोळातली एखादी हेराल्ड किंवा जुनी जीप तेव्हा फुकटात आणि गर्दीशिवाय बघायला मिळते.

२. सोबत काय हवं

- टोपी आणि पाण्याची बाटली. क्रोमच्या बंपरवरून परतणारं ऊन डोळ्यांना जास्त लागतं.
- छोटी बॅटरी. मोबाइलची चालते, पण डॅशबोर्डखाली आणि चाकाच्या कमानीत डोकावायला वेगळी असली तर बरं.
- वही-पेन. नंबर, मॉडेल, वर्ष आणि मिस्त्रीचं नाव टिपायला.
- सुट्टे पैसे.

काय नको, तेही सांगतो. पाठीवरची मोठी सॅक, लोंबकळणारी कॅमेऱ्याची दोरी, पट्ट्याचं मोठं बक्कल. गर्दीत वळताना यांनीच रंगावर ओरखडे पडतात. काही जण पत्र्याची परीक्षा घ्यायला लोहचुंबक आणतात. खरेदीच्या वेळचं ते हत्यार आहे. दुसऱ्याच्या गाडीला प्रदर्शनात चुंबक लावणं म्हणजे लग्नाच्या मांडवात नवरीच्या दागिन्यांचा कस बघण्यासारखं.

३. हात मागे बांधून पहिली फेरी

पहिल्या फेरीत कुठेच थांबू नका. या टोकाकडून त्या टोकाला जा, परत या आणि कोणत्या गाड्यांकडे पुन्हा जायचं ते ठरवा. एखादी गाडी आपल्या घरात, शेजारात किंवा तालुक्याच्या डॉक्टरांकडे होती अशी निवडा. आठवणीतल्या गाडीत काय बदललंय ते लगेच डोळ्यात भरतं, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

शिस्तीच्या गोष्टी थोड्याच आहेत. टेकू नका. दरवाजा, बॉनेट, डिकी आपण होऊन उघडू नका. आत बसायचं असेल तर विचारा आणि 'नको' म्हटलं तर हसून पुढे जा. लहान मुलांचा हात धरून ठेवा, कारण त्यांच्या उंचीला नेमके हेडलाइट आणि मडगार्ड येतात. कुल्फी खाऊन झाल्यावरच गाडीजवळ जा. आपल्याकडचे मालक सहसा तोंडावर रागावत नाहीत. "हात लावू नकासा, निवांत बघा," एवढंच म्हणतील. पण तेवढ्यावर गप्पा संपतात, हे खरं नुकसान.

४. नंबरप्लेट वाचा

सीमाभागात राहणाऱ्याला ही मजा इतरांपेक्षा जास्त आहे आणि बहुतेक लोक ती सोडूनच देतात.

आजचे केए-२२ (बेळगाव), केए-२३ (चिकोडी), एमएच-०९ (कोल्हापूर) हे नमुने १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरचे. तो कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असा नंबर असे. मुंबई राज्याच्या गाड्यांचा नंबर 'बी'ने सुरू व्हायचा. म्हैसूर राज्याचे नंबर 'एमवाय', 'एमई' असे. राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक झालं आणि पुढच्या काळातल्या गाड्यांवर 'सीए' सारखी अक्षरं दिसू लागली. गोव्याच्या नंबरांची सुरुवात 'जीडी'ने. महाराष्ट्राचेही बरेच नंबर 'एम'ने सुरू होतात, 'एमएम' किंवा 'एमआर' असे. म्हणून नुसता 'एम' बघून निष्कर्ष काढू नका, दुसरं अक्षर बघा.

आता यात आपला इतिहास घाला. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीची, मूळ कागदांसह राहिलेली एखादी गाडी पुढे आली तर ती शेडमधून न हलता दोन राज्यांत आणि तीन नावांखाली राहिलेली असते. 'जीडी' नंबर दिसला तर गाडी चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटाने कधीतरी वर आलेली. १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज अंमल होता आणि परदेशी मोटारी तिथे इथल्यापेक्षा सहज मिळत, म्हणून तिकडून आलेल्या बीटल किंवा ओपेलकडे दोन मिनिटं जास्त द्या.

एखाद्या प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' दिसेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून हा वेगळा नंबर मिळतो.

सापळा एकच. काळ्या पाटीवर पांढरी हाताने रंगवलेली अक्षरं म्हणजे जुनीच प्लेट, असं नाही. गेल्या आठवड्यात रंगवलेली असू शकते. मालकाला विचारा, बहुतेक जण खरं सांगतात.

५. कोणती गाडी कोणती, हे ओळखायच्या खुणा

आपल्याकडच्या ओळीत रोल्स-रॉइस क्वचित. बहुतेक वेळा पुढच्याच गाड्या असतात आणि त्याच मला जास्त आवडतात.

*फियाट.* कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. ही कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढली. गोलमटोल, फुगीर पाठीची ती 'डुक्कर फियाट', पन्नाशीच्या दशकातली ११००. तिच्या पुढच्या दरवाजाची बिजागरी कुठे आहे बघा. ती मधल्या खांबावर असते, म्हणजे पुढचा दरवाजा उलटा उघडतो. १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी. जुन्या गाड्यांत गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे सलग बाक आणि त्यावर तीन माणसं. शेवटी शेवटी जमिनीवरचा गिअर आला.

*अँबॅसॅडर.* हिंदुस्थान मोटर्स, पश्चिम बंगालमधलं उत्तरपाडा. मूळ सांगाडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. १९५७ ते २०१४ इतकी वर्षं जवळपास तोच आकार, म्हणून वर्ष ओळखायला पुढची जाळी बघायची. चौकटी-चौकटींची बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी म्हणजे मार्क टू, साठीतली. आडव्या पट्ट्यांची जाळी म्हणजे १९७५ नंतरची मार्क थ्री. पण जाळी बदलता येते. एखाद्या मार्क फोरला हौसेने मार्क टूची जाळी लावलेली असते, तेव्हा डॅशबोर्डही बघा आणि मगच बोला.

*स्टँडर्ड हेराल्ड.* मद्रासची. हिचं बॉनेट उघडायला सांगितलंत तर जन्मभर विसरणार नाही. नुसतं झाकण उचललं जात नाही, दोन्ही मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचं अख्खं तोंड पुढे कलंडतं आणि इंजिन, पुढचं सस्पेन्शन सगळं उघडं पडतं. नवख्याला मोटारीचं आतलं काम समजून घ्यायला याहून सोपी गाडी नाही.

*जीप.* मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे बेळगावकराला लष्करी गाड्या नव्या नाहीत, तरी इथे लोक हमखास फसतात. प्रत्येक हिरवी जीप 'दुसऱ्या महायुद्धातली' नसते. पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. युद्धकाळातल्या विलिस एमबीला नऊ, नंतरच्या नागरी जीपला सात. युद्धातल्या जीपचं स्टिअरिंग मुळात डावीकडे. बॉनेट उंच आणि ठोकळ्यासारखं असेल तर ती सीजे-३बी, महिंद्राने इथे वर्षानुवर्षं बनवलेली. तीही चांगलीच गाडी आहे, फक्त नॉर्मंडीला गेलेली नाही.

*डॉल्फिन.* बंगळुरूच्या सिपानींची, ऐंशीच्या दशकातली दोन दरवाज्यांची छोटी गाडी. हिचं अंग पत्र्याचं नाही, फायबरचं. दिसली तर थांबाच. फार थोड्या उरल्या आहेत आणि चकचकीत गाड्यांच्या शेजारी तिच्याकडे कुणी बघत नाही.

दुचाकींच्या ओळीत जावा आणि येझदी शोधा. दोन्ही म्हैसूरच्या आयडियल जावाच्या. किक मारायची दांडी तीच गिअरची दांडी असते. मालकाला ती फिरवून दाखवायला सांगा, तो खूश होतो.

६. चमक नको, रेषा बघा

आता निवडलेल्या गाडीजवळ या. आधी मागच्या कोपऱ्यात, थोडं वाकून, दरवाज्यांच्या रेषेत डोळे आणा. समोरच्या विजेच्या खांबाचं प्रतिबिंब पत्र्यावर सरळ दिसतंय का? ते लाटेसारखं हलत असेल तर खाली लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुटी) भरपूर भरलेली आहे. मग दरवाजा आणि बॉनेट यांच्या फटी बघा. वर बारीक आणि खाली रुंद असेल तर बिजागरी खचलेली, नाहीतर गाडी कधीतरी ठोकलेली.

मग रबर. काचेभोवतीचं बीडिंग, वायपरची पट्टी, पायाखालचं मॅटिंग. रंगावर लाख रुपये घालणारेही इथे कंजूषी करतात. त्यानंतर काचेच्या कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का. चारही काचांवर एकच शिक्का असेल तर काचा बहुधा मूळच्या.

दोन प्रकारच्या गाड्या दिसतील. एक नव्याने केलेल्या आणि दुसऱ्या जशाच्या तशा राहिलेल्या. दुसऱ्यांचा रंग उडालेला असतो, सीटचं रेक्झिन तडकलेलं असतं, निकलवर डाग असतात. माझ्या मते ओळीतल्या मौल्यवान गाड्या याच. रंग पुन्हा केव्हाही मारता येतो, पण कारखान्यातून आलेला रंग एकदा खरवडला की गेला. त्यामुळे गडद तांबडा, धातूसारखा चकाकता रंग, मिश्रधातूची रुंद चाकं आणि आत टचस्क्रीन असलेली अँबॅसॅडर बघून भारावून जाऊ नका. हौस म्हणून ठीक.

शेवटी गाडीखाली बघा. दोन-चार थेंब तेल पडलेलं असेल तर नाकं मुरडू नका. त्या काळच्या इंजिनांना थोडं तेल गळणं ठाऊकच होतं.

७. मालकाशी बोला, पण पहिला प्रश्न किमतीचा नको

"केवढ्याला घेतली?", "देणार काय?", "ॲव्हरेज किती?" हे तीन प्रश्न त्या माणसाने सकाळपासून शंभरांकडून ऐकलेले असतात. तुम्ही विचारा, "काका, काम कुणाकडे केलंत?"

हा प्रश्न बेळगावात फार चालतो, कारण या गाड्यांचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. ते कुणीतरी बनवलेले असतात. उद्यमबागेत ओतकाम, लेथ, ग्राइंडिंग यांची पिढीजात माणसं आहेत. कुणी वॉटर पंपाचं घर ओतून दिलेलं असतं, कुणी जुना बुश बघून नवा टर्न केलेला असतो, कुणी दरवाज्याचं हँडल पॅटर्न करून घडवलेलं असतं. टिंकर शहापूरचा, सीट शिवणारा गल्लीतला, वायरिंगवाला निपाणीहून येणारा. मालकाने हे सगळं जुळवायला काही वर्षं घालवलेली असतात आणि ते विचारणारा कुणी भेटला की तो खुर्ची देतो, चहा सांगतो. बॉनेटही आपणहून उघडतो.

आणखी दोन चांगले प्रश्न. पहिला: "आताच्या पेट्रोलचं कसं करता?" इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या, वॉशर आणि कार्बोरेटरचे डायफ्रॅम लवकर खराब करतं. मालक काय काय बदलतो ते ऐकण्यासारखं असतं, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत ते इथेनॉल तयार होतं, त्यामुळे गप्पा उसाच्या दरावर जाणार हे धरून चाला. दुसरा: "शेवटचं लांब कुठे नेली होती?" याच्या उत्तरावरून गाडी चालते की ट्रेलरवरून येते ते कळतं.

मालक कन्नड बोलणारे असले तर "याव मॉडेल री इदु?" (हे कुठलं मॉडेल?) एवढ्याने सुरुवात होते. पुढे मराठी, कन्नड, हिंदी सगळं मिसळतं आणि कार्बोरेटर तिन्ही भाषांत कार्बोरेटरच.

८. फोटो

सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. गुडघ्यावर बसून, हेडलाइटच्या उंचीवरून काढा, उभ्याने काढलेल्या फोटोत प्रत्येक गाडी ठेंगणी दिसते. फोटो पुढे पाठवण्याआधी मालकाला विचारा. काहींना आपला नंबर सगळीकडे फिरलेला आवडत नाही.

९. पुढच्या वर्षी आपलीच गाडी न्यायची असेल तर

आजोबांची पद्मिनी गोठ्याशेजारी उभी आहे असं कुणी ना कुणी सांगतंच. तिला ओळीत उभं करायचं तर कागद आधी, पॉलिश नंतर.

- आरसी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते.
- चालू विमा, पीयूसी, चालकाचं लायसन्स.
- गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ आणि वारसाचे कागद. नूतनीकरणाआधी हे करा, नाहीतर दोन हेलपाटे.
- गाडी चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडून कायमची इकडे आणली असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, नव्या नोंदणीबरोबर कर्नाटकचा रस्ता कर भरावा लागतो. सीमाभागात "कोण विचारतंय" म्हणून हे वर्षानुवर्षं राहतं आणि विकायच्या दिवशी अडतं.

'व्हीए' नंबरच्या मोहात पडण्याआधी एक लक्षात घ्या. त्या नोंदणीवर गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. गाडीने आठवड्याला भाजी आणायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

आणि प्रदर्शनातच कुणी "घेताय काय, स्वस्तात देतो" म्हणाला तर आरसीवरचा चॅसी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतः ताडून बघितल्याशिवाय विसाराचा एक रुपयाही देऊ नका.

गाडी नेताना डिकीत अग्निशामक सिलिंडर, पाण्याचा कॅन, फॅनबेल्ट, पॉइंट-प्लगचा जादा संच आणि तेल टिपायला पुठ्ठा ठेवा. मिरवणुकीच्या वेगाने, पहिल्या गिअरमध्ये रांगताना कार्बोरेटरची गाडी तापते आणि इंजिनाजवळच्या इंधन-पंपातच पेट्रोलची वाफ होऊन ते अडकतं. इंजिन बंद पडलं तर बाजूला घ्या, बॉनेट उघडा, पंपावर ओला फडका ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका, मागचे कितीही हॉर्न वाजवोत.